मु. पो. पासून ई-मेलपर्यंत : न पोहोचलेल्या टपालाचा इतिहास
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर परिसर)

प्रस्तावना

टपालाचा इतिहास हा बहुधा पोहोचलेल्या पत्रांचा इतिहास असतो. पहिले तिकीट, पहिली डाकगाडी, पहिले तारयंत्र अशा टप्प्यांनी तो सांगितला जातो. न पोहोचलेल्या पत्राला त्यात फारसे स्थान मिळत नाही. वस्तुतः कोणत्याही दळणवळण व्यवस्थेचे खरे स्वरूप तिच्या अपयशाच्या क्षणी उघड होते. पत्र का पोहोचले नाही, ते कोणी अडविले, त्याचा खर्च कोणी सोसला आणि पाठविणाऱ्यास त्याचे कारण कळले की नाही, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून त्या व्यवस्थेतील सत्ता, जबाबदारी व विश्वास यांचे नाते स्पष्ट होते.

आज हाच प्रश्न ई-मेलच्या संदर्भात नव्याने उभा राहिला आहे. महाविद्यालयाने चर्चासत्राची माहितीपत्रके पाचशे पत्त्यांवर पाठवावीत आणि काही तासांत त्यांतील अनेक ‘मेलर-डीमन’ अशा विचित्र नावाने परत यावीत, हा अनुभव प्राध्यापकवर्गास नवा नाही. व्यापारी संस्थांच्या विपणन ई-मेलबाबत तर हा नित्याचाच व्यवहार आहे. परत आलेली पत्रे निदान दिसतात. जी परतही येत नाहीत आणि पोहोचतही नाहीत, त्यांचा हिशेब मात्र कोणाजवळच नसतो. या प्रश्नाकडे केवळ तांत्रिक अडचण म्हणून पाहिले जाते. तथापि त्याची मुळे टपालाच्या दीड-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात आहेत आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच परिसरात, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील मराठी मुलखात, घडले आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) कागदी टपाल न पोहोचण्याच्या कारणांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) हैदराबाद संस्थानाच्या टपालव्यवस्थेतून नांदेड-लातूर परिसराला आलेल्या अनुभवाचे स्वरूप पाहणे.
३) ई-मेल परत येण्याच्या व नाहीशी होण्याच्या कारणांची कागदी टपालाशी तुलना करणे.
४) पाठविणाऱ्यास अपयशाचे कारण कळविण्याच्या प्रथेचा उदय व ऱ्हास तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. टपालविषयक कायदे, तिकिटांचा इतिहास आणि ई-मेलची प्रकाशित तांत्रिक मानके ही त्याची मुख्य सामग्री होय.

‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ : पत्त्याची दुहेरी रचना

मराठी पत्त्याची सुरुवात ‘मु. पो.’ या दोन अक्षरांनी होते. सवयीमुळे आपण ती एकाच दमात उच्चारतो, परंतु त्यांत दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात. ‘मुक्काम’ म्हणजे माणूस राहतो ते गाव आणि ‘पोस्ट’ म्हणजे त्या गावाचे टपाल ज्या कचेरीत येते ते ठिकाण. दोन्ही एकच असतील तर ‘मु. पो.’ असे जोडून लिहावयाचे. वेगळी असतील तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असे तोडून लिहावयाचे. वाहतूक करणाऱ्यास फक्त ‘पोस्ट’ कळले तरी पुरते. ‘मुक्काम’ व व्यक्तीचे नाव यांचा उलगडा शेवटच्या कचेरीतील पोस्टमन करतो.

ई-मेलचा पत्ता नेमका याच तत्त्वावर उभा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी व्यक्तीचे नाव व तिच्या संगणकाचे नाव वेगळे दाखविण्यासाठी ‘@’ हे चिन्ह योजिले. या चिन्हाच्या उजवीकडील भाग, म्हणजे डोमेन, हे ‘पोस्ट’ होय. डावीकडील भाग हा व्यक्तीचा ‘मुक्काम’ होय. मार्गातील कोणत्याही यंत्रास डावीकडील भागाचा अर्थ लावण्याचे कारण नसते. तो अर्थ केवळ शेवटच्या सर्व्हरला लागतो. त्यामुळे पत्ता चुकण्याचेही दोन प्रकार संभवतात. ‘पोस्ट’ चुकले तर पत्र वाटेतच अडते आणि ‘मुक्काम’ चुकला तर ते दारापर्यंत जाऊन परत फिरते.

पत्त्याच्या संदिग्धतेवर टपालखात्याने शोधलेला मोठा उपाय म्हणजे पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत पंडित व नाटककार टपालखात्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड अमलात आला. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा व लिप्या ही त्यामागची कारणे होती. वडगाव, पिंपळगाव ही नावे ज्या प्रदेशात तालुक्या-तालुक्यांत आढळतात, तेथे या उपायाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. नांदेडचा क्रमांक ४३१६०१ आणि लातूरचा ४१३५१२ आहे. जिल्हे शेजारी असूनही पहिले तीन अंक भिन्न आहेत. लातूरचे अंक सोलापूरशी जुळतात, नांदेडचे औरंगाबादशी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरशी. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि लातूर कुर्डुवाडीमार्गे सोलापूरकडे जोडले गेले. नांदेड मात्र १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्गावर आले. पिनकोडची विभागणी या जुन्या दळणवळणाशी मिळतीजुळती आहे, ही गोष्ट लक्षणीय म्हणावी लागेल.

पत्ता व जागा यांचे नाते कायमचे नसते, याचे उदाहरण लातूर जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद परिसरातील अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. गावाचे नाव तेच राहिले, जागा बदलली. अशा वेळी जुन्या नावाची नव्या जागेशी सांगड घालणारा कोणीतरी जाणता लागतो. इंटरनेटवर ही सांगड ‘डोमेन नेम सिस्टिम’ घालते. तेथील नोंद अद्ययावत नसेल तर सर्व्हर चालू असूनही टपाल पोहोचत नाही.

निजामी टपाल : पत्ता बरोबर, तरीही पत्र अडते

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ च्या कायद्याने अंतराचा विचार न करता केवळ वजनावर आधारित टपालदर लागू झाला आणि देशभर चालणारी तिकिटे निघाली. नांदेड व लातूर मात्र निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःचे पहिले तिकीट काढले. १८७१ पासून निघालेल्या तिकिटांवर फारसी लिपीबरोबर इंग्रजी, तेलुगू व मराठी असा मजकूर असे. राज्यातील जनतेच्या भाषांची ही दखल उल्लेखनीय होय. पुढे १९३१ च्या चित्रमालिकेत अजिंठा व दौलताबाद ही मराठवाड्यातील स्थळेही तिकिटावर आली.

परंतु या तिकिटाची सत्ता संस्थानाच्या सरहद्दीपर्यंतच होती. भारतीय संस्थानांच्या टपालव्यवस्थांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडत. ग्वाल्हेर, पतियाळा यांसारख्या ‘कन्व्हेन्शन’ संस्थानांनी ब्रिटिश टपालखात्याशी करार केला होता. त्यामुळे त्यांची तिकिटे संस्थानाबाहेरही चालत. हैदराबाद या गटात नव्हते. त्याची तिकिटे राज्यापुरतीच ग्राह्य होती. नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या पत्रास निजामी तिकीट पुरेसे होते; परंतु नांदेडहून पुण्यास किंवा नागपूरला जाणाऱ्या पत्रास ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट आवश्यक होते. दोन्ही टपालांची तिकिटे लावलेली पाकिटे आज तिकीट संग्राहकांकडे आढळतात, ती याच व्यवस्थेची साक्ष देतात. ब्रिटिश टपालाच्या स्वतंत्र कचेऱ्याही संस्थानात काही ठिकाणी होत्या. अशा रीतीने एकाच प्रदेशात दोन टपालव्यवस्था नांदत होत्या.

या व्यवस्थेचे तात्त्विक महत्त्व असे की, येथे पत्त्यात काहीही दोष नसताना पत्राची वाट अडू शकत होती. पाठविणाऱ्याने दिलेला विश्वासाचा पुरावा, म्हणजे तिकीट, पलीकडील सत्तेला मान्य नसणे हे त्याचे कारण होते. अपुरे शुल्क भरलेल्या पत्रावर, ज्यास लोक ‘बेअरिंग’ किंवा ‘नॉटपेड’ म्हणत, पत्र घेणाऱ्याकडून दुप्पट आकारणी होई. आणि त्याने पैसे देण्याचे नाकारले की पत्र परत फिरे. पत्राचे भवितव्य पत्त्याप्रमाणेच पाठविणाऱ्याच्या ओळखीवर व त्या ओळखीस मिळणाऱ्या मान्यतेवरही अवलंबून असते, हा धडा या परिसराने फार पूर्वीच घेतला होता.

याच काळातील दुसरे उदाहरण राजकीय आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली. तेव्हा वाघमारे यांनी नाव बदलून पत्र चालू ठेवले. त्या नावावर बंदी आली की पुन्हा नवे नाव घेतले. वाचक तेच, मजकुराची दिशा तीच, नाव मात्र निराळे. बंदी नावावर होती आणि नावच बदलले की हुकूम अपुरा पडे. शासनाने अडविलेल्या वृत्तपत्राचा हा प्रतिकार होता. पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने हे उदाहरण ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण अडवणूक चुकविण्याचे हेच साधन पुढे अगदी निराळ्या हेतूने वापरले गेले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि १ एप्रिल १९५० पासून तेथे भारतीय टपाल तिकिटे लागू झाली. तेव्हापासून नांदेड-लातूरच्या पत्रास देशभर एकच तिकीट पुरू लागले.

डेड लेटर ऑफिस आणि परत आलेली व्ही. पी.

न पोहोचलेल्या पत्राची विल्हेवाट कशी लावावी, याची स्पष्ट तरतूद १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात होती. २०२३ चा नवा कायदा २०२४ मध्ये अमलात येईपर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, ती लागू राहिली. त्या कायद्याच्या कलम ३८ नुसार न बटवडा झालेले पत्र शक्य असल्यास नव्या पत्त्यावर पाठवावयाचे होते. ते शक्य नसेल तर सरकारने नेमलेल्या व गुप्ततेने बांधलेल्या व्यक्तीने ते उघडून पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता शोधावयाचा होता. हे काम करणाऱ्या कचेरीस ‘डेड लेटर ऑफिस’ व पुढे ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ असे नाव मिळाले. पाठविणाराही सापडला नाही तर पत्र नष्ट केले जाई. पाकिटात पैसे अथवा विक्रीयोग्य वस्तू असेल तर ती वर्षभर जपून ठेवली जाई.

नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे. ‘मृत’ पत्राचे ‘परत’ पत्र झाले. पत्र पोहोचविता येत नसेल तर निदान ते पाठविणाऱ्यास कारणासह परत करणे हे खात्याचे कर्तव्य मानले गेले. पोस्टमन पाकिटावर शेरा लिही : ‘पत्ता अपुरा’, ‘या नावाची व्यक्ती येथे नाही’, ‘गाव सोडून गेले’, ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘मयत’. या सहा-सात शेऱ्यांत न पोहोचण्याची जवळजवळ सर्व कारणे सामावली होती. त्यांपैकी ‘घर बंद’ हे तात्पुरते कारण असे व पोस्टमन पुन्हा फेरी मारी. ‘मयत’ हे अंतिम असे. कचेऱ्यांच्या व दुकानांच्या छापील पाकिटांवर ‘बटवडा न झाल्यास पुढील पत्त्यावर परत पाठवावे’ ही ओळ असे, ती याच व्यवस्थेवरील विश्वासातून आलेली होती.

विपणनाच्या इतिहासात या व्यवस्थेचे महत्त्व १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ अर्थात व्ही. पी. पद्धतीमुळे वाढले. पोस्टमनने वस्तू द्यावी, पैसे घ्यावेत आणि खात्याने ते विक्रेत्याकडे पोहोचवावेत, अशी ही योजना होती. १८८० मध्ये टपालखात्याकडे आलेल्या मनीऑर्डरची तिला जोड मिळाली. पुस्तके, पंचांगे, औषधे, घड्याळे यांच्या जाहिराती मासिकांत येत व माल व्ही. पी. ने जाई. मासिकांची वर्गणीही याच मार्गाने वसूल होई. ‘व्ही. पी. परत करू नये, संस्थेस नाहक भुर्दंड पडतो’ अशा आशयाच्या विनंत्या जुन्या मराठी नियतकालिकांच्या वाचकास परिचित आहेत. परत आलेल्या व्ही. पी. चा जाता-येताचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर पडत असे. साहजिकच तो आपली यादी तपासून घेई. जो ग्राहक दोनदा व्ही. पी. परत करी, त्याचे नाव वहीतून कमी होई.

किर्लोस्कर बंधूंनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे उदाहरण येथे बोलके आहे. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली वाचकप्रिय मासिक झाले आणि १९२९ मध्ये त्याचे नाव केवळ ‘किर्लोस्कर’ असे झाले. मूळ हेतू मालाच्या प्रसाराचा असूनही वाचकाने ते आपणहून मागून घ्यावे, इतके ते उपयुक्त बनले. मागितलेले टपाल आणि माथी मारलेले टपाल यांतील भेद दाखविणारे हे उत्तम मराठी उदाहरण होय. कागदी टपालात हा भेद खर्चामुळे आपोआप सांभाळला जाई. प्रत्येक पाकिटास तिकीट लागे, म्हणून अनाहूत पत्रकांना मर्यादा पडे. हा बांध ई-मेलने फोडला.

ई-मेल का परत येते

ई-मेल वाहतुकीचे मूळ मानक जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केले. त्यात दोन सर्व्हरमधील संवाद तीन अंकी उत्तरांनी चालतो. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘स्वीकारले’. चारने सुरू होणारे म्हणजे ‘आता नाही, पुन्हा या’. पाचने सुरू होणारे म्हणजे ‘घेणार नाही, पुन्हा येऊ नका’. पोस्टमनचे शेरेच येथे अंकांत रूपांतरित झालेले दिसतात. ५५० या उत्तराचा सर्वसामान्य अर्थ ‘या नावाची पेटी येथे नाही’ असा होतो. ५५२ म्हणजे ‘पेटीत जागा नाही’. ४२१ म्हणजे ‘कचेरी सध्या बंद आहे’. चारच्या गटातील अडचणीस ‘सॉफ्ट बाऊन्स’ व पाचच्या गटातील अडचणीस ‘हार्ड बाऊन्स’ असे विपणनाच्या व्यवहारात म्हटले जाते. तात्पुरत्या अडचणीत पाठविणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करावा, अशी मानकाची अपेक्षा आहे. ‘घर बंद’ या शेऱ्यानंतरची ही पोस्टमनची दुसरी फेरी होय.

पत्र पोहोचविता न आल्यास तशी सूचना पाठविणाऱ्यास देण्याचे बंधनही या मानकात होते. त्यात एक मार्मिक दक्षता घेतलेली आहे. परतीच्या सूचनेवर पाठविणाऱ्याचा परतपत्ता कोरा ठेवावयाचा असतो. तसे न केल्यास परतीची सूचनाही न पोहोचता परत फिरेल आणि दोन यंत्रे एकमेकांकडे अखंड सूचना धाडत बसतील. डेड लेटर ऑफिसात जी जागा नष्ट करण्याच्या अधिकाराची, ती येथे या कोऱ्या पत्त्याची. प्रवास कोठेतरी संपला पाहिजे, ही दोहोंमागील जाण एकच आहे.

प्रारंभीच्या या व्यवस्थेचा पाया परस्परविश्वास हा होता. जाळ्यातील संगणक थोडे होते, चालविणारे एकमेकांना ओळखत होते. पाकिटाच्या मागे पाठविणारा जे नाव लिहील तेच खरे मानले जाई. हा विश्वास हेच पुढे व्यवस्थेचे दुबळेपण ठरले.

अनाहूत टपाल आणि मौनाचा उदय

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीतील गॅरी थर्क यांनी अमेरिकेतील आर्पानेटच्या सुमारे चारशे वापरकर्त्यांना आपल्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. विपणन ई-मेलचा हा पहिला ज्ञात प्रसंग मानला जातो. ते काहींना आवडले, बहुतेकांना नाही. परंतु त्यामुळे मालाची विक्री झाली असेही सांगितले जाते. १९९० च्या दशकात इंटरनेट व्यापारास खुले झाल्यावर हा ओघ पूर बनला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढील वर्षी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केल्यावर ई-मेलची पेटी विनामूल्य झाली. तिकीटही नाही आणि पेटीचे भाडेही नाही, अशी स्थिती आली.

खर्चाचा बांध गेल्यावर अनाहूत टपाल धाडणाऱ्यांनी परतीच्या सूचनांचाच गैरवापर केला, हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. त्याचे दोन मार्ग होते. पहिला असा की, काल्पनिक नावांच्या हजारो पत्त्यांवर टपाल धाडावयाचे. ज्यांवर ‘पेटी नाही’ असे उत्तर येणार नाही, ते पत्ते खरे समजून यादीत घ्यावयाचे. म्हणजे पोस्टमनचा प्रामाणिक शेराच यादी बनविण्याचे साधन ठरला. दुसरा मार्ग असा की, पाकिटावर पाठविणारा म्हणून तिसऱ्याच निरपराध व्यक्तीचा पत्ता लिहावयाचा; मग न पोहोचलेल्या हजारो पत्रांच्या परतीच्या सूचना त्या व्यक्तीच्या पेटीत कोसळत.

परिणामी सर्व्हर चालविणाऱ्यांनी कारण सांगणे कमी केले. काहींनी प्रथम सर्व टपाल स्वीकारून नंतर संशयास्पद टपाल ‘स्पॅम’ कप्प्यात टाकण्यास प्रारंभ केला. काहींनी ते सूचना न देता नष्ट केले. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने कुप्रसिद्ध सर्व्हरांची काळी यादी तयार झाली व १९९८ पासून ‘स्पॅमहाउस’ या संस्थेने असे कार्य हाती घेतले. टपाल स्वीकारताना ते कोणासाठी आहे याबरोबरच ते कोणाकडून आले आहे हेही निर्णायक ठरले. या टप्प्यावर अनाहूत टपाल धाडणाऱ्यांनी रोज नवे डोमेन घेण्याची युक्ती काढली. बंदी नावावर आहे, तर नाव बदला. वाघमारे यांनी अन्याय्य बंदीविरुद्ध वापरलेले साधन येथे लुबाडणुकीसाठी वापरले गेले. गाळणी लावणाऱ्या यंत्रास मात्र या दोन हेतूंतील अंतर कळत नाही. नवे, अपरिचित नाव त्यास सदैव संशयास्पदच वाटते.

यावरील उपाय म्हणून पाठविणाऱ्याची ओळख पटविणारी तीन मानके आली. ‘एसपीएफ’ हे कोणत्या सर्व्हरला त्या डोमेनच्या नावे टपाल धाडण्याचा अधिकार आहे ते सांगते. ‘डीकेआयएम’ हे पत्रावर सांकेतिक मोहोर उमटविते. २०१२ मध्ये जाहीर झालेले ‘डीमार्क’ हे या दोन्ही कसोट्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे याची सूचना देते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर टपाल धाडणाऱ्यांसाठी या गोष्टी आवश्यक केल्या. गुगलच्या नियमात ही मर्यादा दिवसाला सुमारे पाच हजार पत्रांची आहे. विपणनाच्या पत्रातून एका टिचकीत नाव कमी करता यावे आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली असावे, अशाही अटी त्यांत आहेत. निजामी तिकीट आणि ब्रिटिश तिकीट यांचा प्रश्न येथे नव्या रूपात परतला आहे. पत्ता अचूक असला तरी पलीकडील सत्तेला मान्य असा ओळखीचा पुरावा नसेल, तर पत्र सरहद्दीवरच अडते. भेद एवढाच की, त्या वेळची सत्ता संस्थानाची होती, आजची सत्ता मोजक्या कंपन्यांची आहे.

नांदेड-लातूर परिसर : आजचे स्वरूप

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. लातूर शिकवणी वर्गांसाठी व ‘लातूर पॅटर्न’साठी राज्यभर ओळखले जाते. प्रवेशाच्या हंगामात शिक्षणसंस्थांकडून होणारा पत्रव्यवहार हा येथील विपणन टपालाचा मोठा भाग होय. त्याच्या अपयशाची कारणे पाहिली असता पुढील गोष्टी ठळकपणे जाणवतात.

पहिली गोष्ट ‘मार्फत’ पत्त्यांची. ऑनलाइन अर्ज अनेकदा विद्यार्थी स्वतः भरत नाही. नेट कॅफेचा किंवा सेवा केंद्राचा चालक भरतो. अर्जदाराची ई-मेल पेटी नसेल तर तो स्वतःचा पत्ता लिहितो किंवा त्या क्षणापुरती पेटी उघडून देतो. तिचा परवलीचा शब्द विद्यार्थ्यास पुढे आठवत नाही. जुन्या काळी खेड्यातील मनुष्य ‘अमुक दुकानदार यांचे मार्फत’ असा पत्ता देई, तेव्हा दुकानदार निदान निरोप तरी देई. येथे ती मध्यस्थी अर्ज भरला की संपते. अशा सोडून दिलेल्या पेट्या कालांतराने बंद होतात. गुगलने दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकण्यास सुरुवात केली आहे. म्हणून तीन-चार वर्षांपूर्वीच्या यादीवर पाठविलेल्या टपालात ‘पेटी नाही’ हे उत्तर मोठ्या प्रमाणावर येणे स्वाभाविक ठरते. अशा पेट्यांवर वारंवार टपाल धाडणारी संस्था गाळणीच्या नजरेत संशयित ठरते आणि तिचे खऱ्या वाचकास पाठविलेले टपालही अडू लागते.

दुसरी गोष्ट लिपीची. इंग्रजी हिज्जांतील एखादे अक्षर चुकल्याने पत्ता बिघडणे नित्याचे आहे. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि देवनागरी ई-मेल पत्त्यांसाठी लागणारे मानक २०१२ पासून अस्तित्वात आहे. तथापि दोन्हीकडील सर्व्हरांनी ते स्वीकारल्याखेरीज असे पत्र पोहोचत नाही. ते परत येते. दीडशे वर्षांपूर्वी तिकिटावर मराठी छापणाऱ्या संस्थानाच्या मुलखात आजही मराठी पत्त्याचे ई-मेल निर्धोकपणे जाईल असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. नकार दिलेले नोंदणीकृत पत्र हे बजावले गेले असे मानण्याकडे न्यायालयांचा कल आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख ठरविलेल्या संगणकीय साधनात प्रविष्ट झाला की सामान्यतः तो प्राप्त झाला असे समजले जाते. मग ‘स्पॅम’ कप्प्यात पडून राहिलेले मुलाखतीचे निमंत्रण अथवा शिष्यवृत्तीची सूचना ही मिळाली म्हणावयाची की नाही? कायद्याच्या शब्दांनुसार बहुधा मिळाली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मिळाली नाही. मराठीत ‘पोच’ या शब्दाला पोहोचणे आणि पोहोचल्याची कबुली असे दोन्ही अर्थ आहेत. सर्व्हरच्या ‘स्वीकारले’ या उत्तरात पहिला अर्थ अर्धामुर्धा असतो व दुसरा मुळीच नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) न पोहोचण्याची कारणे तीन गटांत मोडतात : पत्ता सदोष असणे, मार्ग किंवा दार बंद असणे आणि पाठविणाऱ्याची ओळख अमान्य होणे. कागदी टपालात पहिल्या दोन गटांचे प्राबल्य होते. विपणन ई-मेलमध्ये तिसऱ्या गटाचे वजन वाढले आहे.

२) तिसऱ्या गटाचा अनुभव नांदेड-लातूर परिसरास निजामी टपालाच्या काळातच आला होता. हद्दीबाहेर न चालणारे तिकीट व नाव बदलून निघणारे साप्ताहिक ही त्याची दोन रूपे होत.

३) परत आलेले पत्र हे व्यवस्थेच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. पाठविणाऱ्यास कारण कळविण्याची जी जबाबदारी टपाल कायद्याने स्वीकारली होती, ती ई-मेलच्या मूळ मानकानेही स्वीकारली. अनाहूत टपाल धाडणाऱ्यांनी तिचा गैरवापर केल्याने ती क्षीण झाली.

४) संस्थांनी जुन्या व्ही. पी. विक्रेत्याप्रमाणे आपली यादी जपली पाहिजे. ५५० हे उत्तर आलेला पत्ता तत्काळ कमी करणे, संमती घेतलेल्यांनाच टपाल धाडणे, नाव कमी करण्याची विनंती मान्य करणे आणि आपल्या डोमेनच्या ओळखीच्या नोंदी पूर्ण ठेवणे ही त्याची किमान अंगे होत. विद्यार्थ्याच्या हिताची सूचना मात्र केवळ ई-मेलवर सोपवू नये. दूरध्वनी व सूचनाफलक यांची जोड ठेवावी.

डेड लेटर ऑफिसातील कारकून गुप्ततेने बांधलेला होता, त्याचे अधिकार कायद्याने मर्यादित केलेले होते आणि त्याच्या कामाचा शेवट पाठविणाऱ्यापर्यंत पोहोचण्यात होता. आज त्याच्या जागी बसलेली गाळणी कोणत्या नियमाने कोणते पत्र बाजूला ठेवते, हे ना पाठविणाऱ्यास कळते, ना घेणाऱ्यास. अनाहूत टपालापासून संरक्षण हवेच; परंतु त्या संरक्षणाच्या मोबदल्यात कारण कळण्याचा हक्क आपण किती सहज सोडून दिला, याचा विचार टपालाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे. त्या हक्काची पुनःस्थापना कोणत्या स्वरूपात होऊ शकेल, हा पुढील संशोधनाचा विषय होय.